हेल्मेटवर पडणारा गोळा

मित्रांनो, या खोलीत शिरताना दारापाशी तुमच्या पायाला जो काळा, थंडगार दगड लागला ना, तो दगड नाही. तो मी आहे. उचलून पाहायचे असेल तर दोन्ही हात लावा आणि कंबर सांभाळा. मी एक जुना लोखंडी गोळा आहे. वजन पाच किलो, केसभर कमी नाही की जास्त नाही. डोक्यावर एक कडी आहे आणि आयुष्यभर एकच काम केले आहे: पडणे.

हसू नका. पडता सगळ्यांनाच येते. पण दर वेळी त्याच उंचीवरून, त्याच रेषेत आणि तेवढ्याच जोराने पडणे हे कुणा सोम्यागोम्याचे काम नाही. ते मी वर्षानुवर्षे केले, आणि एकदाही हयगय केली नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरे, थोडे फुशारकीनेच सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. तापलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतला, तो थंड झाला, आणि मी खडबडीत अंगाने बाहेर आलो. तेव्हा मी चांगलाच गुटगुटीत होतो. मग लेथवरच्या कारागिराने मला फिरवत फिरवत माझी वाढलेली चरबी उतरवली. थोडे खरवडायचे, काट्यावर ठेवायचे, पुन्हा थोडे खरवडायचे. त्या माणसाच्या चिकाटीचा मला तेव्हा वैताग आला होता. आता वाटते, त्याने मला शिस्त लावली. काटा बरोबर पाचवर थांबला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला लाकडी पेटीत बंद केले.

पेटी उघडली ती हेल्मेटच्या कारखान्यात. इमारती बांधणारे, खांबांवर चढणारे, क्रेनखाली उभे राहणारे लोक जी पिवळी हेल्मेट घालतात, ती इथे बनत. तळमजल्यावर कोपऱ्यात एक लहान चाचणीची खोली होती. तिच्या मधोमध एक उंच खांब आणि खांबाच्या पायथ्याशी एक लाकडी डोके. त्याला नाक होते, कान होते, डोळे मात्र नव्हते. त्या बिचाऱ्याला सगळे लाकडोबा म्हणत. लाकडोबाच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचे, मला वर टांगायचे आणि खटका ओढायचा. मी सरळ खाली. हेल्मेटमधून लाकडोबाला किती दणका पोचला ते शेजारच्या तबकडीवरचा काटा सांगे. काटा लाल रेघेच्या आत राहिला तर हेल्मेट चांगले. रेघ ओलांडली तर ती सगळी खेप भंगारात.

खटका ओढत ते दादा. सगळा कारखाना त्यांना दादाच म्हणे. पांढऱ्या मिशा, खिशात चष्मा, आणि काम संपले की फडक्याने लाकडोबाला पुसत पुसत त्याच्याशी गप्पा मारायची सवय. लाकडोबा ऐके की नाही कोण जाणे, मी मात्र सगळे ऐके. दादांच्या घरातले, कारखान्यातले, मनातले जे काही मला ठाऊक आहे ते त्या गप्पांतूनच.

दादांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी धाकट्यावर येऊन थांबत. धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. दादांनीच त्याला न्हाऊमाखू घातले, शिकवले, त्याचे लग्न लावून दिले. आता तो बांधकामावर होता. आमच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक उंच इमारत उभी राहत होती, तिथेच. दुपारी तो डबा घेऊन आमच्या फाटकाशी येई आणि दोघे भाऊ कठड्यावर बसून जेवत. त्या इमारतीवरचे सगळे कामगार आमचीच हेल्मेट घालत, कारण दादांनी तिथल्या मुकादमाला शब्द दिला होता. धाकट्याला पहिले हेल्मेट देताना ते म्हणाले होते, "माझ्या हाताखालून गेलंय. डोळे मिटून घाल."

पहिली काही वर्षे दादा नमुने स्वतः आणत. दोन जिने चढून ते पॅकिंगच्या हॉलमध्ये जात, मनाला येईल तो खोका उघडत, खालचे-वरचे कुठलेही हेल्मेट उचलत आणि खाली येत. तेव्हा अधूनमधून काटा लाल रेघ ओलांडायचा. ओलांडला की वर धावपळ व्हायची, साचे तपासले जायचे, दोष सापडायचा. असे दिवस मला आवडत. आपण पडल्याचे चीज झाले असे वाटे.

मग दादांचे गुडघे दुखू लागले. त्याच सुमारास कारखान्याला नवे उत्पादनप्रमुख आले. बोलणे इतके गोड की लोक त्यांना पाठीमागे साखरसाहेब म्हणत. कुणाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करतील, कुणाला पंख्याखालची जागा देतील. एके दिवशी दादांना जिन्यात धापा टाकताना पाहून ते थांबले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की दादा, आता तुम्ही कशाला चढउतार करता, नमुने आम्हीच खाली पाठवत जाऊ. दादांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत गुडघ्यांची विचारपूस कुणी केली नव्हती. त्या दिवशी लाकडोबाला पुसताना त्यांनी साहेबांचे इतके कौतुक केले की मलाही ते खरे वाटले.

तेव्हापासून निळ्या फडक्याने झाकलेल्या ट्रेमधून नमुने येऊ लागले. छान चकचकीत, वजनदार हेल्मेट. मी पडे, काटा जेमतेम हले. एकदाही लाल रेघेला शिवला नाही. कारखान्याला शाबासकीचे फलक मिळू लागले आणि ते आमच्याच खोलीच्या भिंतीवर लागले. पाहुणे आले की त्यांना माझ्यासमोर उभे करत आणि माझे पडणे दाखवत. माझे फोटोही निघाले. खोटे कशाला बोलू, मी त्या दिवसांत नाक वर करूनच टांगलेला असे.

दर वर्षी मुख्य कार्यालयातून कुणीतरी ऑडिट करायला येई. मित्रांनो, ऑडिट हा शब्द तुम्हाला कंटाळवाणा वाटेल, पण अर्थ सोपा आहे. कंपनीने जे नियम पाळायचे कबूल केले आहे, ते ती खरोखर पाळते का, हे जाऊन बघणे. आमच्याकडे येणारे बघत मात्र फार नसत. साखरसाहेबांच्या खोलीत चहा होई, फायली चाळल्या जात, मला एकदा पाडले जाई आणि पाहुण्यांची गाडी सुटायच्या आत सगळे उरके. फायलीत बोट ठेवायला जागा नसे.

त्या वर्षी मॅडम आल्या. बुटक्या, पायात सपाट बूट, खांद्याला कापडी पिशवी. साखरसाहेब चहाचा ट्रे घेऊन स्वतः सामोरे गेले तर त्या म्हणाल्या, काम झाल्यावर घेईन. साहेबांनी बिस्किटे पुढे केली, तीही काम झाल्यावर. साहेबांच्या कपाळावर तेव्हाच एक बारीक आठी पडली असे दादा नंतर सांगत होते.

मॅडम थेट आमच्या खोलीत आल्या. निळे फडके बाजूला झाले, ट्रेमधले हेल्मेट लाकडोबावर चढले, मी पडलो. काटा जेमतेम हलला. साखरसाहेबांनी भिंतीवरच्या फलकांकडे हात केला. मॅडमनी फलक पाहिलेच नाहीत. त्या ट्रेकडे बघत होत्या.

"दादा, ही हेल्मेट इथे कशी आली?"

"वरून पाठवतात, मॅडम."

"आणि निवडतं कोण?"

दादांनी आपल्या गुडघ्यांचे सांगितले. साहेबांनी केवढी सोय करून दिली तेही कौतुकाने सांगितले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले, रागावल्या नाहीत.

"म्हणजे पेपर तुम्ही तपासता," त्या म्हणाल्या, "पण परीक्षेला कुणी बसायचं ते पोरंच ठरवतात?"

दादांच्या हातातले फडके तसेच राहिले. एवढा साधा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. मला तरी कुठे पडला होता? मी पडण्यात तरबेज, माझ्याखाली काय ठेवले जाते याकडे बघण्याची मला गरजच वाटली नव्हती. मॅडमनी विचारले, हळूहळू चढाल का वर? दादा म्हणाले, चढतो.

वरचे सगळे मला दादांकडून कळले. पॅकिंगच्या हॉलमध्ये एका भिंतीशी कुलूपबंद लोखंडी कपाट होते. मॅडमनी तिथे काम करणाऱ्या बाईला विचारले, यात काय असते? बाईने सहज सांगून टाकले, "ते पाहुण्यांचं कपाट. खाली पाठवायची हेल्मेट त्यातच असतात." तिच्या मनात काही पाप नव्हते. घरी नाही का आपण चांगले कप वर ठेवतो आणि कान तुटलेल्यातून स्वतः चहा पितो? तिला वाटे, कारखान्यातही तसेच असणार. हॉलमधल्या सगळ्यांना तसेच वाटे, आणि म्हणून इतकी वर्षे कुणी चकार शब्द काढला नव्हता.

खाली अंगणात ट्रक भरून उभे होते. मॅडम तिकडे वळल्या तेव्हा साखरसाहेबांच्या जिभेवरची साखर विरघळू लागली. खोके उघडले तर पुन्हा बांधावे लागतील, गिऱ्हाईक खोळंबले आहे, नमुने तर पास झालेत, आधी जेवून घेऊ. मॅडमनी सगळे ऐकले आणि एवढेच म्हटले की नमुना तपासणाऱ्यानेच निवडायचा, हा आपल्याच कंपनीचा नियम आहे. मग त्यांनी ट्रकच्या अगदी आतल्या खोक्यांतून काही हेल्मेट काढायला लावली, त्यांवर आपली खूण केली आणि ती कुणाच्या हाती न देता स्वतःच कवेत धरून आणली. बाजारातून भाजी आणावी तशा त्या खोलीत शिरल्या.

माणसांच्या पोटात भीतीने गोळा येतो म्हणतात. गोळ्याच्या पोटात काय येते ते मला त्या दिवशी कळले. खांबावर टांगलेला असताना मी खाली पाहिले. तोच पिवळा रंग, तोच आकार, पण कड कशी पातळ दिसत होती. दादांनी खटका ओढला.

मी कधी असा लागलो नव्हतो. खाली हेल्मेट आहे असे जाणवलेच नाही. तडकन आवाज झाला, काटा लाल रेघ ओलांडून पार टोकाला जाऊन आदळला. दुसरे ठेवले, तेही तडकले. तिसऱ्याची तीच गत. शुद्ध प्लास्टिकच्या जागी जुन्या मोडक्या डब्यांचा चुरा भरून ती बनवलेली होती. वरून दिसायला सख्खी भावंडे, आतून ठिसूळ.

साखरसाहेबांनी कपाळावरचा घाम टिपला आणि सगळे खापर माझ्यावर फोडले. म्हणाले, हा गोळाच जुना झाला आहे, वाकडातिकडा पडतो, याच्यावर काय विश्वास ठेवायचा?

मित्रांनो, माझा असा पाणउतारा कुणी केला नव्हता. तोंड असते तर दोन शब्द सुनावले असते. पण मॅडमनी माझ्या वतीने उत्तर दिले. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग तुमच्या ट्रेमधले पुन्हा ठेवू. ठेवले. मी पडलो. तोच मी, तोच खांब, तोच लाकडोबा. काटा जेमतेम हलला. गोळा वाकडा नव्हता हे सगळ्यांना दिसले.

साहेब इतक्या सहज हरणारे नव्हते. मग म्हणाले की बरे, एवढी एकच खेप बिघडली असेल, मिश्रणात काहीतरी चुकले असेल. ही खेप थांबवू. आधी गेलेल्या मालाबद्दल मी छातीठोकपणे सांगतो, तो उत्तम होता. उगाच जुने उकरून कंपनीची अब्रू का घालवायची?

मॅडम काही बोलायच्या आत दादा उठले. गुडघ्यावर हात देत खोलीबाहेर गेले. जेवणाची सुट्टी झाली होती. फाटकाशी कठड्यावर डबा उघडून धाकटा त्यांची वाट बघत बसला होता. थोड्या वेळाने दादा परत आले ते त्याला दंडाला धरून. दुसऱ्या हातात त्याचे हेल्मेट होते. ऊन-पाऊस खाल्लेले, आतून त्याच्या बायकोने मऊ कापडाची पट्टी शिवलेली.

दादांनी ते लाकडोबावर चढवले. हनुवटीचा पट्टा नीट ओढून बसवला, लहानपणी त्याच्या शर्टाची गळ्याची गुंडी लावली असेल तसा. मग मला वर टांगले. त्यांचा हात खटक्यावर गेला आणि तिथेच राहिला. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले, आज पडू नये. कडीला घट्ट धरून लटकत राहावे.

पण मी खोटे पडू शकत नाही आणि पडायचे टाळूही शकत नाही. तेवढाच तर माझा गुण. दादांनी डोळे उघडे ठेवून खटका ओढला.

हेल्मेटचे दोन तुकडे झाले. एक इकडे उडाला, एक तिकडे. ते फोडून मी थेट लाकडोबाच्या टाळूवर आपटलो आणि त्याला कपाळापासून कानापर्यंत तडा गेला. इतकी वर्षे मी त्याच्या डोक्यावर पडत होतो, एवढी इजा त्याला कधीच झाली नव्हती.

धाकटा वाकला. आतली शिवलेली पट्टी लोंबत असलेला तुकडा त्याने उचलला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हे मी रोज घालतो."

दादा मटकन स्टुलावर बसले. धाकटा त्यांच्यापाशी क्षणभर थांबला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखा बाहेर धावत सुटला. समोरच्या इमारतीवर त्याचे सोबती होते ना. मॅडमनी तेवढ्यात फाटक बंद करायला लावले, ट्रकच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला. आमच्या खिडकीतून पलीकडची इमारत दिसते. मजल्यामजल्यावरून पिवळी डोकी जिन्याकडे निघाली आणि एकेक करून सगळी खाली, जमिनीवर आली. सगळे उतरल्याची खात्री होईपर्यंत मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. मग त्या दादांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आता चहा घेऊ."

त्या दिवशी कुणाचेही डोके फुटले नाही, मित्रांनो. लाकडोबाचे सोडून. पुष्कळांना वाटते की तपासणी म्हणजे अपघात झाल्यावर येऊन कुणाचे चुकले ते शोधणारी मंडळी. चांगली तपासणी आधी येते, आणि ती वेळेवर आली तर मागाहून सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. म्हणून तिच्या नावाने कुणी टाळ्या वाजवत नाही. माझे म्हणाल तर मी वाजवतो, पण मला हात नाहीत.

कपाटाचे कुलूप तोडले तेव्हा आत चांगली हेल्मेट ओळीने रचलेली होती. चुरा मिसळून वाचलेला पैसा कुणाच्या घरी जात होता तेही पुढच्या चौकशीत उघड झाले आणि साखरसाहेबांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कंपनीने स्वतःहून जाहीर करून विकलेला सगळा माल परत मागवला, नवा दिला. तिजोरीला मोठा खड्डा पडला, वर्षभर सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. पण कारखाना तगला. आपण होऊन खरे सांगितले म्हणूनच तगला, असे मॅडम पुढच्या वर्षी आल्या तेव्हा म्हणाल्या. हो, त्या दर वर्षी येतात. चहा अजूनही काम झाल्यावरच.

पुढे नवे यंत्र आले. बटण दाबले की आपोआप पडणारा वजनाचा ठोकळा, आकडे दाखवणारा पडदा. मला खांबावरून उतरवले आणि काही दिवस मी भंगाराच्या पेटीशेजारी धूळ खात पडून होतो. वाईट वाटले. ज्याने इतकी हेल्मेट पारखली, त्याला विचारायला कुणी नाही. मग एक दिवस दादा आले, मला दोन्ही हातांनी उचलले, पुसले आणि इथे आणून ठेवले. चाचणीच्या या खोलीचे दार आपोआप बंद होते. ते बंद होऊ नये म्हणून मी. जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही आत काय चालले आहे ते दिसावे, हा दादांचा नवा नियम आहे. तडा गेलेला लाकडोबाही तिथे वर फळीवर आहे. शाबासकीचे फलक होते तिथे.

दादांचे गुडघे काही सुधारले नाहीत. पण रोज सकाळी कठड्याला धरून, एकेक पायरी कण्हत, ते दोन जिने चढतात आणि मनाला येईल तो खोका उघडतात. कुणी म्हणाले की दादा, आम्ही आणून देतो, तर ते हसून नको म्हणतात. गेल्या आठवड्यात धाकट्याला नवे हेल्मेट मिळाले. तो ते घेऊन इथे आला आणि म्हणाला की दादा, तू एकदा हो म्हण, म्हणजे घालतो. दादांनी मानेनेच नाही म्हटले.

"माझ्या म्हणण्यावर नको घालू," ते म्हणाले. "वर जा. तुझ्या हातानं एक खोका उघड, त्यातलं एक आण. आपण दोघं बघू."

धाकटा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको, काचेच्या पेटीत मानाची जागाही नको. तुम्ही मोठे झाल्यावर कुणीतरी झाकलेला ट्रे तुमच्यासमोर ठेवील आणि प्रेमाने म्हणेल, तुम्ही कशाला त्रास घेता? तेव्हा त्याचे आभार माना आणि जिना चढा. मी लोखंडाचा आहे, अजून पुष्कळ वर्षे टिकेन, आणि तोवर हे दार मी उघडे धरून ठेवतो. या, आत या. स्वतः बघा.